सांगकाम्यांची जबानी

आपल्याकडे सांगकाम्याला प्रतिष्ठा नाही. सांगितलं तेवढंच करणारा, न सांगितलेल्याला हात न लावणारा आणि सांगताना आपलं काही चुकलं तर ती चूकही इमानेइतबारे पार पाडणारा माणूस घरात असला की घरचे कपाळावर हात मारून घेतात. कॉम्प्युटरच्या जगाचा डोलारा मात्र याच मंडळींच्या खांद्यावर उभा आहे. बाहेरून मोठा कर्तबगार दिसणारा एखादा प्रोग्राम आतून उघडून पाहावा. व्हिडिओ लहान करायचा होता, तो याने एफएफएमपेगच्या गळ्यात घातला. झिप फाइल अनझिपकडून सोडवून घेतली. डिस्कवर जागा किती उरली ते डीएफला विचारलं. मग स्वतः केलं काय? तर फर्मान सोडलं आणि आलेलं उत्तर खिशात टाकलं. मुकादमकीच ही, दुसरं काय!

मला यात काही कमीपणा वाटत नाही. डीएफ ही कमांड १९७१ पासून डिस्कवरची मोकळी जागाच मोजत आली आहे. इतकी वर्षं एकच काम करणाऱ्याला बाजूला सारून ते काम आपण नव्यानं लिहायला बसणं यात हुशारीपेक्षा हौसच जास्त. पायथॉनमध्ये जागा मोजायची स्वतःची सोय आहे, हे ठाऊक असूनही लोक आतून डीएफच मारतात, कारण बोटांना सवय तिची. तेव्हा आळस म्हणा, आदर म्हणा, प्रोग्राममधून कमांड मारण्याची चाल पडली आहे आणि ती मोडणार नाही. अडचण इतकीच, की फर्मान सोडणं हे एका ओळीचं काम आहे आणि त्याचं उत्तर नीट ऐकून घेणं हा एक वेगळाच व्याप आहे. नवशिक्यांना वाटतं पहिली ओळ लिहिली की झालं. मुरलेली माणसं पहिली ओळ लिहून झाल्यावर चहा सांगतात, कारण आता बराच वेळ बसायचं आहे हे त्यांना माहीत असतं.

हे सांगकामे जन्माला कसे येतात ती हकिकत मोठी रंजक आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, मरे हिल इथल्या बेल लॅब्समध्ये, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ नावाच्या तेव्हाच जुनाट झालेल्या मशीनवर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची मांडामांड सुरू केली. अगदी सुरुवातीला एका टर्मिनलला एकच प्रोसेस असे. शेलला, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांडा घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रामला, कमांड दिली की शेल स्वतःच उठून आपली जागा त्या कमांडला देई आणि काम संपलं की ती कमांड शेलला परत बोलावून आणी. म्हणजे गडी कामावर आला की मुकादमानंच खुर्ची सोडून बाहेर जायचं. मग बर्कलीच्या प्रोजेक्ट जिनी या सिस्टिममधली एक कल्पना त्यांनी उचलली. प्रोसेसनं स्वतःची हुबेहूब प्रत काढायची. मूळची ती पालक, नवी ती मूल. मुलानं काम करून मरून जायचं, पालकानं तोवर वाट पाहायची. या प्रत काढण्याला फोर्क म्हणतात. रिचीनं पुढे लिहून ठेवलंय, की पीडीपी-७ वर हा फोर्क बरोबर २७ ओळींच्या असेंब्ली कोडात बसला. आज २७ ओळींत लोकांची लायसन्सची टिप्पणीही संपत नाही.

सगळे आनंदात होते आणि तेवढ्यात लक्षात आलं, की फोल्डर बदलायची कमांड चालेनाशी झाली आहे. कमांड मारावी, ती काही तक्रार न करता संपावी आणि आपण होतो त्याच जागी. कोड पुन्हा पुन्हा वाचून झाला. फोर्कमुळे फोल्डर बदलणं कसं काय बिघडेल, यावर या दिग्गजांनी डोकी खाजवली. शेवटी उजेड पडला. कमांड तिचं काम चोख करत होती. शेलनं मूल जन्माला घातलं, मूल सांगितलेल्या फोल्डरात गेलं आणि तिथे पोचताक्षणी, काम झालं म्हणून, मेलं. पालक मूळ गावीच बसलेला. मुलाच्या स्थलांतरानं बापाचा पत्ता बदलत नाही, इतकी साधी गोष्ट. पण ती कळायला युनिक्सच्या जन्मदात्यांनाही वेळ लागला. तेव्हापासून फोल्डर बदलायची ही कमांड, आजची सीडी, शेल कुणाकडून करवून घेत नाही, स्वतः करतो. एवढं एक काम मुकादमाला स्वतःच्या पायांनी करावं लागतं.

आजही प्रोग्राममधून ‘सीडी’ मारून पुढच्या ओळीत आपण नव्या फोल्डरात आहोत असं समजणारा पोरगा दर वर्षी नव्यानं नोकरीला लागतो. त्याला समजावताना ही पीडीपी-७ ची गोष्ट सांगितली की त्याचा चेहरा खुलतो. रिचीही फसला होता म्हटल्यावर कुणालाही बरंच वाटणार.

आता ऐकण्याकडे येऊ. मूल जे बोलतं ते पालकाच्या कानापर्यंत यायचं तर मध्ये पाइप हवा. प्रोग्राम एकमेकांना बागेतल्या रबरी नळीसारखे जोडता आले पाहिजेत, ही मागणी बेल लॅब्समधल्या डग मॅकिलरॉय यांनी ऑक्टोबर १९६४ च्या एका टिपणात करून ठेवली होती, म्हणजे युनिक्सच्याही आधी. ती अमलात यायला १९७३ उजाडावं लागलं. मॅकिलरॉय मागे लागले होते, थॉम्प्सननं एकदा मनावर घेतलं आणि एका रात्रीत पाइप उभा केला. आठ-नऊ वर्षं पडून राहिलेलं काम एका रात्रीत होतं, हे सरकारी फाइलींपुरतंच खरं नाही हे वाचून मला फार दिलासा मिळाला.

पण पाइप म्हटलं की तुंबणं आलंच. लिनक्सवर साध्या पाइपात ६५,५३६ बाइट मावतात. मूल त्यात ओततं, पालक दुसऱ्या टोकाला उपसतो. आता एक अतिशय शहाण्यासारखा वाटणारा प्रोग्राम असा लिहिला जातो: कमांड सुरू कर, ती पूर्ण संपेपर्यंत थांब, मग तिचं सगळं बोलणं एकदम वाच. आधी काम संपव, मग बोल, असं आपण माणसांनाही सांगतोच. टेस्टिंगच्या वेळी फोल्डरात चार फाइली असतात, उत्तर दोन ओळींचं येतं, सगळं सुरळीत. प्रोग्राम लाइव्ह जातो, सगळे विसरतात. महिन्यामागून महिने फोल्डर भरत जातं आणि एका रात्री फाइंड कमांडचं उत्तर पासष्ट हजार बाइटांच्या पुढे जातं. पाइप काठोकाठ भरतो. मुलाला पुढचा शब्द टाकायला जागा नाही, म्हणून ते थांबतं: कुणीतरी उपसा म्हणजे मी पुढे बोलतो. पालक म्हणतो: तुझं काम संपू दे म्हणजे मी उपसतो. झालं! दोघंही आपापल्या जागी बरोबर, दोघंही अत्यंत सहनशील.

या अडकण्याची खासियत अशी, की कुणी ओरडत नाही. एरर येत नाही, लॉगमध्ये ओळ पडत नाही, मशीन तापत नाही. टॉप कमांड लावून पाहावं तर दोन्ही प्रोसेस निवांत झोपलेल्या, सीपीयू शून्य टक्के. ऑफिसात आधी नेटवर्कवर संशय जातो, मग डेटाबेसवर, मग ज्यानं गेल्या आठवड्यात काहीतरी अपडेट केलं त्याच्यावर. मग कुणीतरी प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करतो आणि तो पुन्हा तिथेच, त्याच फाइलच्या नावावर, अर्ध्या शब्दात अडकतो. पायथॉनच्या कागदपत्रांत याचा स्वच्छ इशारा दिलेला आहे: पाइप लावला असेल तर नुसतं थांबू नका, उपसत उपसत थांबा, त्यासाठी कम्युनिकेट नावाची सोय आहे. पण इशारे वाचायची वेळ माणसावर अडकल्यानंतरच येते. शिवाय पाइप दोन असतात. एक सरळ बोलण्याचा, दुसरा तक्रारींचा. पहिला मन लावून ऐकत बसावं तर तिकडे दुसरा तुंबतो.

इथे मराठी माणसाची एक खास पंचाईत आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी. ‘मराठी’ लिहिलं की १५ बाइट खर्ची पडतात. आता ६५,५३६ ला तीननं भागून पाहा. २१,८४५ चिन्हं पूर्ण बसतात आणि उरतो एक. सगळा देवनागरी मजकूर ओतला तर पाइप भरतो तो नेमका एका अक्षराच्या पहिल्या एक-तृतीयांशावर. ४,०९६ बाइटांचे घास घेत वाचायची पद्धत आहे, तिथेही तेच: १,३६५ चिन्हं आणि वर एक बाइट. दोन्ही वेळा बाकी एकच उरते, याला काय म्हणावं! त्या उरलेल्या बाइटावरून अक्षर ओळखावं म्हटलं तर तेही नाही. क असो की ह, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच आहे. मग तुकडे जोडायची नीट व्यवस्था नसलेला प्रोग्राम तिथे एक काळा चौकट-प्रश्न छापतो किंवा सरळ मान टाकतो. इंग्रजीत आयुष्य काढलेल्या प्रोग्रामला हे दुखणं कधीच जडत नाही. म्हणून अमेरिकेत सगळ्या चाचण्या पास होऊन आलेलं सॉफ्टवेअर आपल्याकडे मतदारांची नावं छापताना मध्येच एखाद्या आडनावाचा लचका तोडतं.

सांगकाम्यांचा आणखी एक गुण मला अतिशय मानवी वाटतो. समोर कोण आहे हे पाहून ते बोलतात. एलएस ही कमांड टर्मिनलवर हातानं मारली तर फाइलींची नावं ऐसपैस रकान्यांत मांडून देते, जमलं तर रंगवूनही देते. तीच कमांड प्रोग्राममधून मारली की एका ओळीत एक नाव, निमूटपणे, बिनरंगाची. कमांड बोलण्याआधी सिस्टिमला हळूच विचारून घेते: पलीकडे माणूस बसलाय की पाइप आहे? माणूस असेल तर थाट, पाइप असेल तर नुसता माल. हा शिष्टाचार उत्तम आहे आणि त्यामुळे बरंच भलंही होतं. फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्यानं टर्मिनलवर जे पाहिलं तेच आपल्या हाती येईल अशी अपेक्षा धरलेली असते आणि हाती वेगळंच येतं.

बोलण्याची लयही बदलते. टर्मिनलसमोर प्रत्येक ओळ झाली की लगेच दाखवायची. पाइपात मात्र काही हजार बाइटांची खेप साठेपर्यंत तोंड मिटून बसायचं आणि मग सगळं एकदम ओतायचं. कामाची प्रगती दाखवायला कुणी प्रोग्रामला सांगितलेलं असतं, की कमांडचं बोलणं जसं येईल तसं पडद्यावर उमटव. दहा टक्के, वीस टक्के, तीस टक्के. प्रत्यक्षात काय होतं? बराच वेळ शून्य, आणि काम संपल्यावर दहापासून शंभरपर्यंत सगळे टक्के एका दमात. पडद्याकडे डोळे लावून बसलेल्या साहेबांना वाटतं मशीन बिघडलं. पायथॉनला वजा यू असं बजावून सांगितलं तर तो हे साठवणं सोडतो. बाकीच्यांची मनधरणी प्रत्येकाची वेगळी.

तक्रारींचा तो दुसरा पाइप कसा आला याचीही एक गोष्ट बेल लॅब्समध्ये सांगतात. तिथे फोटोटाइपसेटर होता. मजकूर त्याच्याकडे पाठवायचा, तो फोटोच्या कागदावर उमटवायचा, मग तो कागद रसायनांतून काढून धुवायचा. एका दुपारी चार-पाच जणांच्या वाट्याला सारखाच अनुभव आला. इतके सोपस्कार करून कागद हाती घ्यावा तर त्यावर देखण्या टंकात, सुबक अंतर राखून, एकच ओळ: अमुक फाइल उघडता येत नाही. फाइलीचं नाव टाइप करताना चुकलेलं. कमांडनं तक्रार केलेली. आणि तक्रारही मजकुराच्याच वाटेनं छपाईला गेलेली. कुरकुर मोठ्यानं झाली, योग्य माणसांच्या कानावर गेली आणि एक-दोन दिवसांत तक्रारींसाठी वेगळी वाट काढून मिळाली. तक्रारीचं निवारण एक-दोन दिवसांत! त्या लॅबविषयी लोक इतक्या हळवेपणानं का बोलतात ते इथे कळतं.

पण वाट दिली म्हणून सगळे तिचा उपयोग शहाण्यासारखा करतात असं नाही. जावाला ‘तुझी आवृत्ती कोणती’ असं जुन्या पद्धतीनं विचारलं की ती उत्तर तक्रारीच्या वाटेनं देते. पायथॉनही ३.४ आवृत्ती येईपर्यंत असंच करायचा. ज्यानं सरळ वाटेवर कान लावला त्याच्या हाती कोरा कागद. वय विचारल्यावर काहींना राग येतो, त्यातला प्रकार असावा. एफएफएमपेग तर आपली सगळी बडबड तक्रारीच्या वाटेनंच करतो, काम उत्तम चालू असलं तरी. एखाद्या प्रोग्रामनं तक्रार दिसली की काम फसलं असा नियम ठेवला असेल, तर एफएफएमपेगचं प्रत्येक काम त्याच्या लेखी फसलेलंच.

फसलं की नाही हे सांगायची खरी रीत आकड्याची आहे. मूल मरताना एक आकडा ठेवून जातं. शून्य म्हणजे सगळं ठीक. बाकी काही असेल तर काहीतरी घडलं. १२७ म्हणजे अशी कमांडच सापडली नाही. १३७ म्हणजे बाहेरून कुणीतरी मारून टाकलं, बहुधा मेमरी संपली म्हणून सिस्टिमनंच. ग्रेपला एखादा शब्द शोधायला सांगितला आणि तो सापडला नाही तर ग्रेप १ ठेवतो. आता लॉगमध्ये ‘एरर’ हा शब्द सापडला नाही, यापरता आनंद कोणता? पण काटेकोर प्रोग्राम तो १ पाहतो आणि काम फसल्याचा मेल रात्री तीन वाजता पाठवतो.

या सगळ्यात माझी सर्वांत लाडकी भानगड नावांची आहे. शेल हा सांगकाम्यांचाही सांगकाम्या. त्याला एक ओळ द्यायची, तो ती जागा पाहून तोडतो आणि मधल्या खुणांचे आपले अर्थ लावतो. फाइलींना नावं देणारी माणसं मात्र शेलचा विचार करून नावं देत नाहीत. ‘आधार कार्ड नवीन (फायनल) (२).पीडीएफ’ हे नाव आपल्या देशात लाखो फोनांत असेल. यातले कंस पाहूनच शेल हात वर करतो. दिवाळीच्या ऑर्डरीची बिलं सांभाळणाऱ्या एखाद्या प्रोग्रामकडे कुणी ‘लाडू & चिवडा.पीडीएफ’ नावाची फाइल चढवली समजा. प्रोग्राम भोळेपणानं एक ओळ तयार करतो: फाइलीचा आकार मोज, पुढे ते नाव जसंच्या तसं. शेल वाचतो. मध्ये ते ‘आणि’चं चिन्ह दिसतं. त्याच्या शास्त्रात त्या चिन्हाचा अर्थ, अलीकडचं काम मागच्या खोलीत चालू दे, तोवर पलीकडचं काम घे. तो लाडूचा आकार मोजायला एकाला मागे पाठवतो. लाडू नावाची फाइलच नसते, त्यामुळे तिकडे एक तक्रार. आणि पुढे तो स्वतः, अत्यंत गांभीर्यानं, सगळ्या सिस्टिमच्या फोल्डरांतून ‘चिवडा.पीडीएफ’ नावाची कमांड शोधत फिरतो. ती कुठेच नसते. मग १२७ ठेवून परत येतो. बिलाचा आकार शेवटपर्यंत कळत नाही.

हे हसण्यावारी नेलं, पण त्या चिन्हाऐवजी अर्धविराम टाकून पुढे कुणी सगळं पुसून टाकायची कमांड लिहिली असती, तर शेलनं तीही तितक्याच गांभीर्यानं पार पाडली असती. सांगकाम्याला कुणी सांगितलं हे कळत नाही, काय सांगितलं तेवढंच कळतं. उपाय साधा आहे: शेलला मधे घेऊच नये. कमांडचं नाव वेगळं, फाइलीचं नाव वेगळं, असे सुटे सुटे शब्द यादीत घालून सिस्टिमच्या हाती द्यावेत. मग चिवडा फाइलीच्या नावातच राहतो. पायथॉनमध्ये कमांड मारायच्या जुन्या पाच-सहा परी होत्या, त्या एकत्र करून सबप्रोसेस नावाचा एकच कारभार २००४ च्या २.४ आवृत्तीत आला, तो ही सुट्या शब्दांची यादी घेऊनच. पण त्यातही ‘शेल इक्वल्स ट्रू’ असं लिहून जुना भोळेपणा परत आणायची सोय ठेवलेली आहे आणि ती भरपूर वापरात आहे. घाईत असलेल्या माणसाला एक ओळ लिहायला सोपी, यादी करायला कंटाळा.

शेलच्या भोळेपणाचा कळस सप्टेंबर २०१४ मध्ये जगानं पाहिला. स्टेफान शाझला यांना बॅश या शेलमध्ये एक भोक सापडलं. पालक मुलाला काम सांगताना काही माहिती सोबत बांधून देतो. त्या माहितीत विशिष्ट प्रकारे काही लिहिलेलं असलं की बॅश ती वाचता वाचता पुढचा मजकूर कमांड समजून पार पाडायचा. वेबसर्व्हर बाहेरच्या अनोळखी माणसानं पाठवलेला मजकूर अशाच बोचक्यात घालून मुलांकडे देत असत. हे भोक १९८९ पासून तिथे होतं. पंचवीस वर्षं बॅश कुणाचंही ऐकायला तयार होता आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

बोलण्याचा अर्थ लावणं हा आणखी निराळा ताप. कमांड जे छापते ते बहुतेक वेळा माणसाच्या डोळ्यांसाठी. प्रोग्राम त्यातला तिसरा शब्द, पाचवी ओळ असं धरून बसतो. आयएफकॉन्फिग या कमांडच्या नव्या आवृत्तीत ‘आयनेट’च्या पुढचा ‘अ‍ॅडर’ हा शब्द गळला आणि त्या शब्दाला धरून मशीनचा पत्ता काढणाऱ्या किती स्क्रिप्टा एका अपडेटमध्ये बेघर झाल्या! आपली भाषाही इथे गंमत करते. मशीनला मराठी लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, लावलं, की डेट कमांड महिन्याचं आणि वाराचं नाव मराठीत सांगते. वाचून बरं वाटतं. तिच्या उत्तरात इंग्रजी मंडेचा ‘मन’ शोधून सोमवारचा बॅकअप घेणारा प्रोग्राम मात्र सोमवार उजाडायची वाट पाहत राहतो. म्हणून जाणकार स्क्रिप्टकार कमांड मारण्याआधी लोकेल सक्तीनं ‘सी’, म्हणजे मूळचं इंग्रजी, करून ठेवतात. फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारा गिट तर मराठी फाइलींची नावं मुळातच जशीच्या तशी सांगत नाही. ‘म’ विचारला तर तिरप्या रेघांमधून तीनशे चाळीस, दोनशे चव्वेचाळीस, दोनशे छप्पन असे आकडे देतो. तो कोट-पाथचा पर्याय बंद करेपर्यंत आपल्या फाइली पॅनकार्डाच्या नंबरासारख्या दिसतात.

या बाबतीत मला उबंटूतल्या, सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या एपीटीचं कौतुक वाटतं. त्याला प्रोग्राममधून मारलं तर तो तक्रारीच्या वाटेनं आधीच बजावतो, की माझ्या बोलण्याची पद्धत कायम तीच राहील असं धरून चालू नका, स्क्रिप्टमध्ये जपून वापरा. असं स्वतःविषयी आधीच सांगून टाकणारे थोडे. गंमत अशी, की तो इशारा प्रोग्रामच्या हाती जातो आणि प्रोग्राम तो वाचत नाही.

मेलेल्या मुलांचं पुढे काय होतं? पालकानं त्याचा आकडा विचारून घेतला नाही तर मूल झाँबी होऊन यादीत नावापुरतं राहतं. मेलेलंच असल्यामुळे त्याला पुन्हा मारता येत नाही. पालक आधी गेला तर अनाथ मुलाला एक नंबरची प्रोसेस दत्तक घेते आणि त्याचं क्रियाकर्म करते. याहून जास्त खोलात शिरलं तर हे लिखाण फारच दुःखी होईल.

त्यापेक्षा अलीकडची गोष्ट बरी. गेल्या काही वर्षांत सांगकाम्यांना एक नवा साहेब लाभला आहे. एआयचे सहायक आता आपल्या सांगण्यावरून स्वतः कमांडा मारतात, त्यांचं बोलणं पाइपातून घेतात, वाचतात आणि पुढची कमांड ठरवतात. हा साहेब पुस्तकं वाचून आलेला आहे. कंस, अर्धविराम, जागा असलेली नावं, सगळं त्याला तोंडपाठ. फाइलींच्या नावांना अवतरणं तो न विसरता घालतो. ग्रेपनं १ दिला तर घाबरत नाही. लांबलचक उत्तर आलं तर मधलं गाळून शेपूट तेवढं वाचतो, जसं आपणही वाचतो. मी बाजूला बसून पाहतो आणि कधीकधी मनातल्या मनात शाबासकी देतो.

परवा त्यानं गिटला कमिट करायला, म्हणजे केलेले बदल नोंदवायला, सांगितलं आणि संदेश द्यायचा राहिला. संदेश नाही म्हटल्यावर गिटनं रिवाजाप्रमाणे तो लिहून घ्यायला व्हिम हा एडिटर उघडला. व्हिमनं पाहिलं, समोर टर्मिनल नाही, पाइप आहे. त्यानं तसं एका ओळीत बजावलं आणि मग आपल्या स्वभावाला अनुसरून कुणीतरी काहीतरी टाइप करेल म्हणून बसून राहिला. सहायक बसला कमांड संपायची वाट पाहत. मी दोघांकडे पाहत. व्हिममधून बाहेर पडायची कळ त्या सहायकाला कुणी विचारली असती तर त्यानं इतिहासासकट सांगितली असती. पण ती दाबायला त्याच्याकडे त्या क्षणी कीबोर्डच नव्हता, आणि आपण व्हिमसमोर बसलो आहोत हे त्याला कळायलाही मार्ग नव्हता. अखेर टाइमआउट आला, व्हिमचा जीव गेला, आणि सहायकानं मला अत्यंत नम्रपणे कळवलं, की कमिट करताना काही अडचण आलेली दिसते, पुन्हा प्रयत्न करून पाहू का? पुढे कंसात वाय आणि एन.